सेतुरावांची एकच केस

आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी एक बोर्ड आहे. लाल गोल, गोलात सिगरेट, तिच्यावर आडवी रेघ. खाली तमिळ आणि इंग्रजीत लिहिलंय की इथे धूम्रपान करणं गुन्हा आहे, कोणी करताना दिसलं तर तक्रार अमुक माणसाकडे करावी. तो अमुक माणूस म्हणजे माझा नवरा. शिरीष, दुसरा मजला. बोर्ड लागला तेव्हा चेन्नईच्या अख्ख्या वेलचेरी भागात त्याच्याइतक्या सिगरेटी ओढणारा दुसरा कोणी नसेल.

हा उद्योग सेतुरावांचा.

सेतुराव आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं कधीकाळी इकडे आलं ते आलंच, पण घरात मराठी ठेवली. आम्ही सांगलीहून आलेले. कानावर मराठी पडली म्हणून पहिल्या दिवशी मी हरखून त्यांच्याशी बोलायला गेले आणि फसले. "तुमचें मराठी घाईचें," ते म्हणाले, "आमचें सावकाश." सावकाश म्हणजे किती? त्यांनी वाक्य सुरू करावं, मध्ये तमिळमध्ये एक चक्कर मारावी, इंग्रजीत एक कलम सांगावं, आणि क्रियापद येईपर्यंत वर माझं दूध उतू गेलेलं असायचं.

आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर होते. सिगरेट-बिडीचे कायदे पाळले जातात की नाही ते बघणाऱ्या पथकात चौतीस वर्षांतली शेवटची कितीतरी वर्षं काढलेली. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण ते खात्याला माहीत असेल, रावांना नव्हतं. पांढरी पँट, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर तुंडू, म्हणजे आपला पंचा, आणि खिशात मोजायची टेप. सामान लावत होतो तेव्हा वर आले, शिरीषशी हात मिळवला, आणि मग मिळवलेला हात सोडायच्या ऐवजी सरळ नाकाशी नेला. शिरीषची बोटं! माझ्यादेखत!

"दिवसाला दहा," राव म्हणाले.

"आठ," शिरीष म्हणाला.

"दहा," राव म्हणाले, आणि मला नमस्कार करून खाली गेले. बरोबर होतं. दहाच होत्या.

आता हे असलं वागणं कोणाला आवडेल? बिल्डिंगमधले लोक लिफ्टमध्ये राव दिसले की हात खिशात घालायचे. पण मला चीड यायची ती वेगळीच. माझे सासरे याच सिगरेटपायी चोपन्नाव्या वर्षी गेले. शेवटचे सहा महिने त्यांना श्वास घेताना मी पाहिलंय. शिरीषला एक्कावन्नावं लागलं होतं. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं की बाबा रे, आता थांब. माझं रडून झालं, भांडून झालं, त्याच्या आईच्या शपथा घालून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. रोज सकाळी तो गॅलरीत खोकायचा आणि आत मी गॅसपाशी त्याच्या वडिलांचं वय आठवत उभी राहायची. म्हणजे रावांना जे हवं होतं तेच मलाही हवं होतं, फक्त ते इतक्या खुळचट रीतीने नको होतं.

असोसिएशनची सेक्रेटरी मी, कारण मीटिंगला मी एकटीच वेळेवर गेले होते. राव आले ते नियमांचं पुस्तकच घेऊन. बोर्ड पाहिजे. बोर्डाची लांबी-रुंदी सरकारने ठरवून दिलेली आहे. आणि बोर्डावर जबाबदार व्यक्तीचं नाव पाहिजे, नाहीतर तो बोर्ड नव्हे, चित्र आहे. मी म्हटलं, घाला बाई माझं नाव, सेक्रेटरी आहे ना मी, पण आता मला जेवू द्या. चार दिवसांनी पेंटर बोर्ड लावून गेला. बघते तर शिरीष!

मी तशीच खाली गेले. "काका, हे काय? चुकून पडलंय का?"

"चुकून कसें पडेल?"

"अहो, सगळी बिल्डिंग हसेल! तो स्वतः जिन्यात ओढतो!"

"आतां नाहीं ओढणार जिन्यांत," राव शांतपणे म्हणाले. "आपल्या नावाखालीं उभें राहून कोण ओढेल?"

"बोर्ड वाचून कोणी सिगरेट सोडतं का हो?"

"नाहीं सोडीत, अम्मा. मी इतकीं वर्षें बोर्ड लाविले, मला नाहीं कां ठाऊक? बोर्ड वाचून माणूस क्षणभर उभा राहतो. तेवढ्यासाठींच बोर्ड."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण जिना सुटला, हे खरं. शिरीष सिगरेट घेऊन बाहेर पडायला निघाला की वॉचमन सलाम ठोकून म्हणायचा, सार, तिसऱ्या मजल्यावर पाहुणे ओढतायत, तुमच्याकडे तक्रार करायचीय. तोंडात न पेटवलेली सिगरेट घेऊन शिरीष तिसऱ्या मजल्यावर पाहुण्यांना दटावायला जायचा. मला हसू यायचं, आणि हसू आल्याचा रागही यायचा.

मग तो कोपऱ्यावरच्या सेल्वमच्या पेटीकडैवर, म्हणजे पानबिडीच्या टपरीवर जायला लागला. तिथे एक शाळा आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत सिगरेट विकायला कायद्याने बंदी. एका रविवारी सकाळी राव शाळेच्या फाटकाशी टेप घेऊन हजर. टेपचं दुसरं टोक कोणी धरायचं? मी भाजी घेऊन येत होते, ते माझ्या हातात दिलं. भर रस्त्यात, शेअर ऑटोवाले हॉर्न मारतायत, हातात कढीपत्ता, आणि मी शंभर यार्ड मोजतेय! टपरी चाळीस पावलं आत भरली. सेल्वम आधी ओरडला, मग हात जोडायला लागला. राव म्हणाले, "मी काय आतां इन्स्पेक्टर आहे कां? मी म्हातारा आहे. मी नुसतें मोजून दाखविलें." आणि मग त्याच सेल्वमला टपरी पुढे सरकवायला स्वतः वाकून हात लावला. रोज सकाळी त्याच्याकडेच चहा प्यायला लागले, तो मागे सरकत नाही ना हे बघायला. शिरीषला प्रत्येक सिगरेटला उन्हातून तेवढं जास्त चालावं लागायचं. चेन्नईच्या मे महिन्यात हे काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. दहाच्या सात झाल्या. रावांनी बोटं हुंगून मला तसं कळवलं.

पण नवरात्रात त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. त्यांच्या घरी कोलू मांडायचे, पायऱ्यांवर बाहुल्या. बायको गेल्यावरही त्यांनी एकट्याने ते चालू ठेवलं होतं. वरच्या पायऱ्यांवर देव, दशावतार, वधूवर, जुन्या लाकडी राजाराणीची जोडी, सगळं कसं जिथल्या तिथे. मी चांगली रेशमी साडी नेसून, बिल्डिंगमधल्या बायकांबरोबर हळदीकुंकवाला गेले. पायऱ्यांच्या खाली दरवर्षी लोक बाग करतात, गाव करतात, क्रिकेटचं मैदान करतात. रावांनी शाळा केली होती. शाळेपासून टपरीपर्यंत पांढरा दोरा, प्रमाणात मोजलेला. दोऱ्याच्या पलीकडे एक बाहुला, तोंडात उदबत्तीचा तुकडा, चक्क पेटलेला, आणि अंगात निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा शर्ट. शिरीषच्या जुन्या शर्टाचं फडकं मीच त्यांना गाडी पुसायला दिलं होतं.

एकेक बाई वाकून बघतेय आणि मग माझ्याकडे बघतेय. हातातली सुंडलची, म्हणजे प्रसादाच्या उसळीची, वाटी मी खाली ठेवली.

"काका," मी दात आवळून म्हटलं, "देवासमोर मांडलंत हे?"

"देवासमोर नाहीं तर कोणासमोर मांडूं?" राव म्हणाले. "सरकारला दाखवून पाहिलें."

घरी येऊन मी आदळआपट केली. शिरीष मात्र दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना खाली थांबून तो बाहुला बघून आला. मग म्हणाला, "बाबांच्या खोलीत असाच उदबत्तीचा धूर असायचा गं, सिगरेटचा वास मारायला लावायचे." आणि गॅलरीत जाऊन त्याने सिगरेट पेटवली. काय म्हणावं या माणसाला?

त्या डिसेंबरात वेलचेरीत पाणी भरलं. इथे हे नवीन नाही. तळमजला बुडतो, वीज जाते, सगळी बिल्डिंग गच्चीवर स्वयंपाक करते. तीन दिवस बोटीशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. शिरीषचं शेवटचं पाकीट पहिल्याच दुपारी संपलं आणि तो पिंजऱ्यातल्यासारखा गच्चीवर येरझाऱ्या घालायला लागला. चौथ्या मजल्यावरच्या कोणीतरी दया येऊन त्याला एक दिली. त्याने काडी ओढली आणि मागून आवाज आला, "गच्ची सार्वजनिक जागा आहे."

खाली कमरेएवढं पाणी, वर ढग, सकाळपासून पोटात एक उपमा, आणि हे! मी अक्षरशः ओरडले, "अहो काका, बुडतोय आपण! आज तरी सोडा त्याला!"

पहिल्यांदाच रावांचा आवाज चढला. "तुम्ही म्हणतां सोडा? तुम्ही?" मग ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले आणि हळूहळू बोलायला लागले. चौतीस वर्षांत किती दंड केले, किती दुकानं हलवली, किती लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मेव्हण्याच्या लग्नात, मांडवात सिगरेट ओढतो म्हणून नवऱ्या मुलालाच पावती फाडून दिली, तेव्हापासून सासुरवाडीने पाठ फिरवली. "पाकिटावर चित्र आलें, तें मोठें झालें, बोर्ड आले, सगळें आलें. कमी झाली म्हणतात. होईलहि झाली. पण अम्मा, माझ्यामुळें ह्यानें सोडिली, असा नावाचा, तोंडवळ्याचा एक मनुष्य मी पाहिला नाहीं. एकहि नाहीं. मला एक केस पाहिजे. मरायच्या आंत एक."

शिरीष ऐकत होता. त्याने ती सिगरेट परत देऊन टाकली. तीन दिवस एकही नाही. चौथ्या दिवशी पाणी ओसरलं आणि हा गुडघाभर चिखल तुडवत सेल्वमला शोधायला गेला. राव जिन्यात उभे होते. मला म्हणाले, "पाहिलांत? सरकारपेक्षां पाणी कडक."

पुढच्या वर्षी राव न्हाणीघरात पडले आणि कमरेचं हाड मोडलं. त्यांची मुलगी रमा त्यांना अण्णा नगरला आपल्या घरी न्यायला आली. सामान निघालं, व्हीलचेअर लिफ्टपाशी, त्या बोर्डाखाली, आणि शिरीष निरोप द्यायला खाली आला. राव एवढेसे दिसत होते. त्यांनी हात पुढे केला. शिरीषने तो धरला आणि एकदम म्हणाला, "रावसाहेब, सोडली मी. तुमच्यामुळे सोडली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अर्ध्या तासापूर्वी तर गॅलरीत!

रावांचं तोंड असं उजळलं की मला तिथे उभं राहवेना. मी वाट बघत होते, आता हात नाकाशी जाणार, आता पितळ उघडं पडणार. पण रावांनी तो हात हुंगला नाही. नुसता दोन्ही हातांत धरून ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि ते गेले.

घरी येऊन मी शिरीषला नको नको ते बोलले. "म्हाताऱ्याला काहीतरी द्यायचं होतं गं," एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, खोटं द्यायचं असतं का? तर म्हणे आता खरं करतो. आठ दिवस केलंही. नवव्या दिवशी कुत्र्याचं शेपूट नळीतून बाहेर.

दिवाळीला आम्ही मेट्रोने त्यांना भेटायला अण्णा नगरला गेलो. राव पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत वेताच्या खुर्चीत बसले होते. नजर गेल्यातच जमा होती. "किती दिवस झाले, शिरीषराव?" त्यांनी पहिलं विचारलं. शिरीष पुटपुटला, "बरेच." मग सणाचा म्हणून तो वाकला, पायांना हात लावायला. आणि त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशातून पाकीट सटकलं ते सरळ रावांच्या पावलांवर.

मी गोठले. शिरीष वाकलेला तो वाकलेलाच. रावांनी पावलं हलवली नाहीत. पायाला लागलं त्यावरून त्यांना कळलंच असणार. तो आकार त्यांना डोळ्यांची गरज न लागता कळेल. आतून रमा कॉफी घेऊन येत होती. रावांनी खांद्यावरचं तुंडू काढलं आणि पायांवर टाकलं. "थंडी वाजते," म्हणाले. चेन्नईत! मग रमाकडे तोंड करून, "हे पाहा, रमा. हे शिरीषराव. सोडिली यांनी. माझी केस."

कॉफी कशी प्यायलो ते आम्हाला माहीत.

तिसऱ्या दिवशी रमाचा फोन. तिची मराठी तुटकी. तमिळ, इंग्रजी आणि रडं, सगळं एकात. "अक्का, खरं सांगा. अप्पा तिकडे राहत होते तेव्हां चोरून ओढत होते कां? तुंडू धुवायला घेतलं तर आंत पाकीट. विचारलं तर म्हणतात माझेंच आहे. दुसरं कांहीं बोलतच नाहीत."

मी खुर्ची ओढून बसले.

"अक्का, आमच्या घरीं कोणी नातेवाईक यायचे नाहीत. शाळेंत सगळे मला चिडवायचे. अम्मा आजारी होती तेव्हां हे धाडीवर. मी सगळं समजून घेतलं, अप्पांचं तत्त्व आहे म्हणून. आणि आतां हें? मग तें सगळं कशासाठीं होतं?"

फोन स्पीकरवर होता. शिरीष समोर उभा होता. त्याचा चेहरा मी त्याच्या वडिलांच्या वेळीही तसा पाहिला नव्हता. "चल," तो म्हणाला. ऑफिसला न जाता आम्ही अण्णा नगर गाठलं.

सेतुरावांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. पुढे महिन्याभरातच ते गेले.

बाल्कनीतच बसले होते. रमा दाराशी, डोळे सुजलेले. शिरीष तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ते पाकीट माझं आहे. परवा खिशातून पडलं. मी सोडली नव्हती. तुमच्या वडिलांशी खोटं बोललो. त्यांनी आयुष्यात सिगरेटला हात लावला असेल तर तो दुसऱ्याच्या तोंडातून काढायला."

"कोणी विचारिलें तुम्हांला?" रावांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. सगळा जीव गोळा करून चिडले होते. "कोणी विचारिलें? चौतीस वर्षांनी एक केस मिळाली होती, तीहि तुम्हीच बुडविली!"

"अप्पा," रमा म्हणाली, "पण तुम्ही माझेंच कां म्हणालांत?"

"मग काय सांगूं? यांचें म्हणून सांगूं? माझी केस आहे म्हणून तुलाच सांगितलें होतें ना मी?"

रमाने वडिलांच्या खांद्यावरचं तुंडू सरळ केलं आणि तिथेच त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

थोड्या वेळाने राव म्हणाले, "त्यांचें पाकीट त्यांना दे. सरकार विकूं देतें, मी ठेवून घेणारा कोण? शिरीषराव, बाहेर जाऊन ओढा. डावीकडे शाळा आहे, तिकडे नको. उजवीकडे जा."

शिरीष पाकीट घेऊन खाली उतरला. मी कठड्यापाशी उभी राहिले. माझ्या मनात आलं, आता जाईल, ओढेल, आणि मी हे असंच बघत राहणार, चोपन्नपर्यंत.

"कुठें गेले?" रावांनी विचारलं. त्यांना काही दिसत नव्हतं.

"गेटपाशी आहे."

"तिथें बोर्ड आहे. मी आल्यावर लाववून घेतला. माझें नाव आहे त्यावर. वाचतात कां?"

"बोर्डाकडेच तोंड आहे."

"उजवीकडे वळले?"

"नाही. उभा आहे नुसता."

"उभे आहेत ना? असूं द्या. घाई नको."

किती वेळ गेला कोण जाणे. राव दर थोड्या वेळाने विचारायचे, अजून? मी म्हणायची, अजून. शाळेची घंटा झाली, मुलं सुटली, त्या गर्दीत मला क्षणभर तो दिसेनासा झाला. मग जिन्यात पावलं वाजली.

शिरीष आत आला, रावांच्या समोर गुडघ्यांवर बसला, आणि न सांगता आपली दोन बोटं त्यांच्या नाकाशी धरली.

रावांनी ती घट्ट पकडली. डोळे मिटले आणि हुंगत राहिले. एकदा, दोनदा, परत. मी विचारणार होते, काय काका, काय येतोय वास? पण विचारलं नाही. त्यांनी बोटं काही सोडली नाहीत, आणि शिरीषनेही हात मागे घेतला नाही.